तुम्ही कधी चढाई केलीय का?

ताई,

मी २७ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते. कबड्डी मी कधीच खेळले नाही. लहानपणी दम्याचा त्रास होता आणि घरून परवानगीही नव्हती. थोरला भाऊ खेळायचा. त्याच्या प्रत्येक सामन्याचे गुण मी मैदानाकडेला बसून वहीत लिहायचे. दोन वर्षांपूर्वी पंच परीक्षा पास झाले आणि तालुक्यातल्या स्पर्धांना उभी राहू लागले.

गेल्या महिन्यात एका उपांत्य सामन्यात, शेवटच्या दीड मिनिटात, मी एका चढाईपटूला बोनस नाकारला. त्याचा मागचा पाय टेकलेला मला दिसला होता. तो संघ एका गुणाने हरला. त्यांचा कर्णधार सगळ्या प्रेक्षकांसमोर म्हणाला, "मॅडम, तुम्ही कधी चढाई केलीय का?" लोक हसले. अंतिम सामन्याला आयोजकांनी माझ्या जागी दुसऱ्या पंचांना उभं केलं. कारण कुणी सांगितलं नाही.

खरं सांगते, लॉबीत, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांत, झटापट होते तेव्हा स्पर्श आधी झाला की पाय आधी बाहेर गेला, हे मला कधी कधी कळत नाही. मग वाटतं, तो म्हणाला ते बरोबरच असेल. जो खेळलाच नाही त्याने निवाडा करावा का? की मी हे सोडून देऊ?

– एक पंच


प्रिय पंच,

आधी त्या बोनसचं बघू. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेच्या पूर्ण पलीकडे पडला आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत असला, तरच बोनस. म्हणजे पंचाला एकाच वेळी दोन पाय बघावे लागतात, आणि सगळं मैदान पुढच्या पायाकडे बघत असताना मागच्या पायावरून नजर हलू द्यायची नसते. तू मागचा पाय टेकलेला पाहिलास. कर्णधाराला ते मान्य नसतं तर त्याने म्हणायचं होतं, "मॅडम, मागचा पाय उचललेला होता." तो तसं म्हणाला नाही. त्याने पायाचा विषयच काढला नाही, तुझा काढला. माझ्या अनुभवात, ज्याला आपला पाय हवेत होता याची खात्री असते तो पायाबद्दलच भांडतो, आणि जीव तोडून भांडतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. शाळेच्या संघापलीकडे कधी न खेळलेले पुरुष पंच मी डझनांनी पाहिलेत. त्यांतले काही फार चांगले होते, काही नव्हते. त्यांतल्या एकालाही मैदानात कुणी "तुम्ही कधी चढाई केलीय का" असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. तुला विचारलं गेलं, आणि लोक हसले. त्या हसण्यात किती भाग कबड्डीचा होता आणि किती तू बाई असण्याचा, हे तुलाही कळलं असणार. पत्रात तू ते लिहिलं नाहीस, म्हणून मी लिहिते.

आता तुझा प्रश्न. तो तू मनापासून विचारला आहेस, म्हणून माझी एक गोष्ट सांगते.

मी खेळले. चौदा वर्षं, डाव्या कोपऱ्यात. खेळणं थांबवल्यावर दुसऱ्याच वर्षी पंच म्हणून उभी राहिले. जिल्हा पातळीवरचा मुलींचा सामना, मातीचं मैदान. मला वाटत होतं, मला आता काय शिकायचंय, सगळा खेळ हाडात मुरलाय. उत्तरार्धात डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोट्याची पकड घातली. इतकी नेमकी पकड होती की माझीच बोटं आवळली गेली. चढाई करणारी मध्यरेषेपर्यंत पोचली नाही आणि मी तिला बाद दिलं. सामना संपल्यावर ती चढाई करणारी मुलगी माझ्याकडे आली आणि काही न बोलता मला अंतिम रेषेपाशी घेऊन गेली. फक्कीची रेषा एका जागी पुसली गेली होती. तिच्या पलीकडे टाचेचा ठसा होता, ओल्या मातीत स्पष्ट उमटलेला. पकड घालण्याआधीच बचाव करणारीचा पाय बाहेर गेला होता. बाद तिला द्यायला हवं होतं, मी उलटं दिलं.

मुलगी भांडली नाही. ठसा दाखवला आणि गेली. मी तिथेच उभी राहिले. पाय माझ्यासमोर बाहेर गेला होता आणि मला दिसला नव्हता, कारण मी पाय बघतच नव्हते. मी पकड बघत होते. शिट्टी तोंडात होती, पण मनाने मी अजून डाव्या कोपऱ्यातच उभी होते.

तेव्हापासून हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. खेळाडूची नजर त्याच्या जागेने घडते. कोपऱ्यात खेळणारा घोटे बघतो. चढाईपटू फटी बघतो, हात कुठवर पोचेल ते बघतो. चौदा वर्षांत मी हजारो चढाया पाहिल्या, पण जवळपास सगळ्या एकाच कोपऱ्यातून आणि एकाच इच्छेने, की समोरचा पकडला जावा. पंच होताना मला ती नजर पुसून काढावी लागली, आणि त्याला दोन मोसम गेले. तुला पुसायला काही नाही. तू लहानपणी मैदानाकडेला वही घेऊन बसलीस आणि दोन्ही संघांचे गुण लिहिलेस. भाऊ एका संघात असूनही दुसऱ्या संघाचे गुण कमी लिहिले नाहीस, नाहीतर तुझी बेरीज चुकली असती. हे पंचगिरीचं शिक्षणच होतं, फक्त तेव्हा त्याला कुणी तसं म्हटलं नाही.

क्रिकेटमध्ये या गोष्टी कागदोपत्री नोंदलेल्या असतात, म्हणून तिथली उदाहरणं देते. ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर पोलोसाक कधी क्रिकेट खेळल्या नाहीत. तुझ्यासारख्याच शाळेत शिकवायच्या, विज्ञान. पंच परीक्षेत सुरुवातीला त्या एकदा नव्हे, अनेकदा नापास झाल्या. पण २०१९ मध्ये नामिबिया आणि ओमान यांच्यातल्या एकदिवसीय सामन्यात त्या उभ्या राहिल्या, आणि पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात मैदानावर पंचगिरी करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. २०२१ च्या जानेवारीत सिडनीला भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कसोटीत त्या चौथ्या पंच होत्या. आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत तीन स्त्रिया पहिल्यांदा रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. त्यांतल्या वृंदा राठी मुंबईच्या मैदानांवर खेळलेल्या. गायत्री वेणुगोपालन यांना खेळाडू व्हायचं होतं, पण खांद्याच्या दुखापतीने ते राहून गेलं. आणि जननी नारायणन यांनी क्रिकेट खेळलेलंच नव्हतं, त्या आयटीतली नोकरी सोडून पंच झाल्या. तीन वेगळ्या वाटा, आणि तिघी पोचल्या एकाच पांढऱ्या कोटापाशी. वृंदा राठींची वाट तुझ्या वहीच्या जवळची आहे. त्या आधी गुणलेखक झाल्या, २०१३ च्या महिला विश्वचषकात त्यांनी गुणलेखन केलं, आणि न्यूझीलंडच्या पंच कॅथी क्रॉस यांची भेट झाल्यावर पंच व्हायचा विचार त्यांच्या मनात आला.

दुसऱ्या टोकाला आपले वेंकटराघवन. फिरकी गोलंदाज म्हणून ५७ कसोटी खेळले आणि नंतर ७३ कसोटींमध्ये पंच होते. त्यांच्याच काळात ऑस्ट्रेलियाचे सायमन टॉफेल, ज्यांची वेगवान गोलंदाजी पाठीच्या दुखण्याने सुटली आणि जे एकही प्रथम श्रेणी सामना खेळले नाहीत, त्यांना २००४ ते २००८ अशी सलग पाच वर्षं आयसीसीने सर्वोत्तम पंच ठरवलं. खेळण्याने पंच घडत असता तर ही नावं एका यादीत आलीच नसती.

आणि जे ठामपणे म्हणतात की केल्याशिवाय निवाडा करू नये, त्यांना मी नेहमी जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची आठवण करून देते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तिने प्रोदुनोव्हा व्हॉल्ट मारला. हातांवरून उसळून हवेत दोन पूर्ण पुढच्या कोलांट्या आणि मग पायांवर उतरायचं. स्पर्धेत हा व्हॉल्ट नीट उतरवलेल्या स्त्रिया जगात बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. दीपाचं कांस्यपदक ०.१५० गुणांनी हुकलं. तो व्हॉल्ट मारलेल्यांनीच तिला गुण द्यायचे असं ठरलं असतं, तर पंचांच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या असत्या.

जिम्नॅस्टिक्सचा विषय निघाला म्हणून एक कबुली. जिथे काय घडलं एवढंच ठरवायचं नसून किती चांगलं घडलं तेही ठरवायचं असतं, तिथे माझं मत थोडं बदलतं. मल्लखांबाच्या पंचांत निदान एकदोघे तरी खांबाला उलटे लटकलेले असावेत असं मला वाटतं. पकडीतली सफाई आणि नुसती पकड यातला फरक ज्याच्या मांड्यांनी सोसलाय त्याला लवकर दिसतो. कबड्डीत आपल्याला सफाईचे गुण द्यायचे नसतात. पाय टेकला की नाही, हात लागला की नाही, दम तुटला की नाही, एवढंच.

तरीही तुला फसवायचं नाही. खेळलेल्याला काही गोष्टी फुकट मिळालेल्या असतात आणि तुला त्या कमवाव्या लागतील. चढाईपटू आत झेपावण्याआधी त्याची कंबर खाली जाते, हे मला कुणी शिकवलं नाही. समोर उभं राहून, चुकून, पडून कळलं. पंच झाल्यावर त्याचा उपयोग असा झाला की बोनस व्हायच्या अर्धा क्षण आधी माझी नजर रेषेवर पोचलेली असायची. तसंच स्पर्शाचं. ज्या बचावपटूला खरोखर हात लागलेला असतो, तो फार वेळा आधी पंचाकडे बघतो आणि मग चढाईपटूकडे. ज्याला लागलेला नसतो तो पंचाकडे बघतच नाही, तो पुढच्या हालचालीत असतो. चेहऱ्यावरून निर्णय द्यायचा नसतो, हे मी वेगळं सांगायला नको. पण कुठे बघायचं हे चेहरे सांगतात.

"ज्याचं जळतं त्याला कळतं" म्हणतात ते इतपत खरं आहे. पण हे सगळं खेळूनच कळतं असं नाही. मॅटच्या जवळ खूप वेळ घालवला की कळतं. खेळाडूला तो वेळ आपोआप मिळतो, तुला मागून घ्यावा लागेल.

म्हणून तुझ्या पत्रातली लॉबीची ओळ मला सगळ्यात मोलाची वाटते. तिथे तू स्वतःचं कच्चेपण ओळखलं आहेस, आणि तिथेच काम करायचं आहे. स्पर्श किंवा झटापट होईपर्यंत लॉबी मैदानाबाहेर असते, झाली की ती मैदानात येते. म्हणजे तुला दोन घटनांचा क्रम लावायचा असतो आणि त्या कधी कधी डोळ्याच्या पापणीएवढ्या अंतराने घडतात. हे भल्याभल्यांना जमत नाही. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतला भारत-इराण पुरुषांचा अंतिम सामना आठव. २८-२८ अशी बरोबरी, पवन सेहरावतची निर्णायक चढाई, कुणालाही स्पर्श न होता तो लॉबीत गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्या मागोमाग लॉबीत गेले. मग जुना नियम लावायचा की नवा, यावर वाद पेटला, निर्णय फिरले, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले. बऱ्याच वेळाने भारताला ३ आणि इराणला १ गुण मिळाला, आणि पुढे आणखी दोन गुण घेऊन सामना ३३-२९ असा आपण जिंकलो. कोण आधी बाहेर गेलं हे तिथे सगळ्यांना दिसलं होतं. अडलं ते नियमाच्या पुस्तकापाशी. मैदानातली चौदा वर्षं त्या तासाला माझ्या काही कामी आली नसती. सामना कुठल्या नियमावलीने खेळला जातोय हे सुरुवातीलाच कर्णधारांना सांगून, त्यांच्याकडून वदवून घेणारा पंच कामी आला असता. तालुक्याच्या सामन्यात तू हे आजपासून करू शकतेस.

लॉबीचं असं कर. सहा जण मिळून सामना चालवतात: मुख्य पंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक. तुझ्या पत्रावरून मला वाटतं, तू सगळं एकटीच बघायला जातेस. सामन्याआधी मुख्य पंच आणि समोरचे पंच यांच्याशी दोन मिनिटं बोलून घे. माझ्या बाजूच्या लॉबीतला पाय माझा, स्पर्श तुमचा, आणि तुमच्या बाजूला उलट. मग तुझ्याकडे एकच प्रश्न उरतो, पाय कधी पडला. दोघांनी आपापल्या क्षणी हात वर केला तर क्रम आपोआप लागतो. ज्या पंचांना हे बोलणं कमीपणाचं वाटतं त्यांच्याबरोबर उभं राहणं अवघड जातं, पण आग्रह सोडू नकोस.

आणि चढाई कर. खरंच कर. गावात किंवा तालुक्याला मुलींचा संघ सराव करत असेल तर त्यांच्या प्रशिक्षकांना विचारून आठवड्यातून दोन सकाळी जा. दमा अजून असेल तर आधी डॉक्टरांना विचार आणि इनहेलर मॅटच्या कडेला ठेव. २७ हे काही वय नाही. त्या मुलींना सांग, मला टिपायला शिकवा, मला पकडा. पहिल्यांदा कुणी तुझा घोटा धरेल आणि तू मध्यरेषेकडे हात लांब करशील, तेव्हा तुला कळेल की पकडलेला माणूस किती इंच पुढे सरकू शकतो. लॉबीत कुणी ढकलत नेलं की पाय कसा आपोआप बाहेर पडतो तेही कळेल. हे त्या कर्णधाराला उत्तर द्यायला करायचं नाही. पुढच्या वेळी कुणी विचारलं आणि तू "हो, केलीय" म्हणालीस, तर तू त्याचा प्रश्न रास्त मानल्यासारखं होईल. तुला स्वतःला दिसावं म्हणून कर.

सोबतीला मोबाईलवरचे सामने. चढाई पूर्ण वेगात बघायची, निर्णय मोठ्याने बोलून टाकायचा, आणि मगच मागे जाऊन थांबवून तपासायचं. आधी थांबवून बघितलंस तर काही शिकणार नाहीस, कारण मैदानात थांबवायचं बटण नसतं. एक दिवस फक्त मागचे पाय. एक दिवस फक्त लॉबी. एक दिवस फक्त कान, दम कुठे तुटतो ते ऐकायला. तू गणिताची आहेस, बरोबर किती आणि चूक किती याचा तक्ता तू ठेवशीलच. कुठल्या बाजूच्या चढाईला जास्त चुका होतात ते महिन्याभरात दिसेल. माझ्या डावीकडेच व्हायच्या, का ते तुला आता माहीत आहे.

असा प्रश्न पुन्हा आला तर मैदानात उत्तर देऊ नकोस. कर्णधाराला निर्णयाबद्दल विचारायचा हक्क आहे, त्याला पायाबद्दल सांग, एका वाक्यात. तुझ्याबद्दल बोलायचा हक्क त्याला नाही. मुख्य पंचांना तसं कळव. हिरवं कार्ड ताकीद द्यायलाच असतं, आणि त्या दिवशी ते निघायला हवं होतं. ते काढलं गेलं नाही ही चूक तुझ्या एकटीची नव्हे, तुझ्या शेजारी उभ्या असलेल्यांचीही आहे.

आयोजकांना मात्र भेट. फोन नको, समोर जा. अंतिम सामना गेला, तो परत मागू नकोस. एवढंच विचार, "माझा कुठला निर्णय चुकला होता?" त्यांनी एखादा दाखवला तर वहीत लिहून घे आणि मान्य असेल तर तिथेच मान्य कर. दाखवता आला नाही तर शांतपणे सांग की पुढच्या स्पर्धेत मला उपांत्य फेरीपासून उभं करा. दोघांपैकी एक उत्तर त्यांना द्यावंच लागेल. त्यांनी टाळाटाळ केली तर शेजारच्या तालुक्यात जा. चांगला पंच मिळत नाही म्हणून रडणारे आयोजक मला दर मोसमात भेटतात.

सोडू नकोस हे मी एवढ्यात लिहिलं नाही, कारण ते तुझ्या कामावरून ठरायला हवं होतं. शेवटच्या दीड मिनिटात, एका गुणाच्या सामन्यात, अख्खं मैदान पुढच्या पायाकडे बघत असताना तू मागचा पाय पाहिलास, आणि पाहिलं ते देऊन मोकळी झालीस. मला हे पहिल्या दोन वर्षांत जमलं नव्हतं. दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतील, तू मॅटवर असायला हवीस.

गावोगाव आता प्रत्येक सामना कुणीतरी मोबाईलवर घेतोच. त्या उपांत्य सामन्यातलं शेवटचं दीड मिनिट मिळालं तर मला पाठव. त्या मुलाचा मागचा पाय मलाही बघायचाय.

तुझी,
ताई